ड्रायसूटच्या सीलबाबत सूचना

सर्व सभासदांना कळविण्यात येते की, आइसलँडमधील सिल्फ्रा या पाण्याने भरलेल्या खडकातील भेगेत पाण्याचे तापमान वर्षभर २ ते ४ अंश सेल्सिअस असल्याने, तेथे डायव्हिंगसाठी उतरण्यापूर्वी प्रत्येकाने आपल्या ड्रायसूटचे (अंग कोरडे ठेवणाऱ्या डायव्हिंगच्या पोशाखाचे) मानेचे व मनगटांचे सील, म्हणजे पाणी आत येऊ न देणाऱ्या घट्ट पट्ट्या, तपासून घ्यावे. लॅटेक्सचे (पातळ नैसर्गिक रबराचे) सील काठाशी ताणून उजेडात पाहावे. बारीक भेगा दिसल्या किंवा रबर चिकट लागले तर ते बदलावेच, कारण असे सील बहुधा सूट चढवतानाच फाटते. नवे सील गळ्याला आवळत असेल तर ते मुळीच सहन करू नये, कारण मानेतील रक्तवाहिन्यांवर दाब येऊन घेरी येऊ शकते. अशा वेळी धारदार कात्रीने थोडे थोडेच कापावे आणि काप सलग ठेवावा, कारण खाच राहिली की तिथूनच सील उलते. लॅटेक्सची अ‍ॅलर्जी असणाऱ्यांनी सिलिकॉन निवडावे. मात्र ते सूटला थेट चिकटवता येत नसल्याने आधी सूटवर सील अडकवण्याची रिंग बसवून घ्यावी लागते. निओप्रीनचे (जाड, फेसाळ कृत्रिम रबराचे) सील ऊबदार व टिकाऊ असते. पाण्याबाहेर आल्यावर सील गोड्या पाण्याने धुऊन सावलीत वाळवावे व लॅटेक्सला बिनवासाची टाल्क लावावी. सुगंधी पावडर, सनस्क्रीन आणि तेलाने रबर लवकर खराब होते.