मुख्याध्यापकांना वर्गात बसू द्या

माननीय शिक्षणमंत्री यांस,
सप्रेम नमस्कार.

शालेय नेतृत्व आणि शाळासुधारणेच्या कामासाठी परवा तुमच्या हस्ते ज्या प्राध्यापकांचा गौरव झाला, त्यांच्याबरोबर मी दोन वर्षं काम केलं आहे. सन्मान योग्य माणसाला मिळाला. पण भाषणाच्या ओघात तुम्ही म्हणालात, 'हे काम यंदाच सगळ्या शाळांत राबवू', आणि माझ्या पोटात गोळा आला.

सर पहिल्यांदा आले तेव्हा आम्ही सभागृहात खुर्च्या मांडून ठेवल्या होत्या. ते तिकडे फिरकलेच नाहीत. सहावीच्या वर्गात शेवटच्या बाकावर जाऊन बसले, मला शेजारी बसवलं आणि हातात स्टॉपवॉच दिलं. "प्रश्न विचारल्यावर बाई किती वेळ थांबतात, तेवढंच मोजा." जेमतेम एक सेकंद! मग एक तर बाईच उत्तर सांगून टाकत, नाही तर नेहमीची चार मुलं. मेरी बड रो या संशोधिकेला अमेरिकेतल्या विज्ञानाच्या वर्गांत 1970 च्या दशकातच हे दिसलं होतं. शिक्षक तीन सेकंद थांबले की उत्तरं लांबतात आणि एरवी गप्प असणारी मुलंही बोलतात.

प्रशिक्षण वगैरे काही झालं नाही. एका बाईंनी आठवडाभर, एकाच तासाला, मनात तीन आकडे मोजायचे, बस्स. ते चक्क फसलं. बाई गप्प झाल्या की मुलांना वाटे, रागावल्या! पुढच्या आठवड्यापासून त्या आधीच सांगू लागल्या, "हात वर करू नका, आधी विचार करा." मग जमलं, आणि मगच आम्ही दुसऱ्या वर्गाकडे वळलो. करून बघायचं, मोजायचं, चुकलं तर सुधारायचं, ही कारखान्यांतली रीत. गुणवत्तातज्ज्ञ डेमिंग यांनी तिचा प्रसार केला आणि शिक्षण-संशोधक अँथनी ब्राइक यांनी अमेरिकेतल्या कार्नेगी फाउंडेशन या शिक्षणविषयक संस्थेमार्फत ती शाळांसाठी मांडली. ती आदेशाने एका दिवसात सगळीकडे लावली, तर उरेल फक्त तक्ता. आणि त्या तक्त्यात 'फसलं' असं लिहायची सोय नसेल.

आता माझी कबुली. मुख्याध्यापिका होऊन अकरा वर्षं झाली होती, पण एक अख्खा तास मी कुणाच्या वर्गात बसले नव्हते. व्हरांड्यातून फेरी मारायची, गोंगाट नाही ना बघायचं, की परत टेबलाशी. तीच पटसंख्या एकाच दिवशी तीन वेगवेगळ्या तक्त्यांत मागवली गेलेली मी पाहिली आहे, तिन्हींवर 'अति तातडीचे'. शिक्षण-संशोधिका व्हिव्हियन रॉबिन्सन आणि सहकाऱ्यांनी 2008 मध्ये अनेक अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा मुलांच्या शिकण्यावर सर्वाधिक परिणाम दिसला तो शिक्षकांच्या शिकण्यात स्वतः सामील होणाऱ्या मुख्याध्यापकांचा. तक्ते भरून ते होत नाही.

म्हणून नवी योजना नको. आठवड्यातला एक दिवस मुख्याध्यापकांकडून कुठलीही माहिती मागवू नका. आणि काम रंगात आलं असताना त्यांची बदली करू नका. नवा माणूस येतो आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून.

तोवर मी माझ्यापुरती सोय केली आहे. दर गुरुवारी पहिले दोन तास मी वर्गात असते आणि फोन ऑफिसात असतो. त्या वेळी वरून विचारणा झालीच, तर आमचे लिपिक या पत्राची प्रत पाठवतील.

आपली,
एक मुख्याध्यापिका