आषाढीला मी का आले नाही

बर्मिंगहॅम,
३१ जुलै २०२५

ती. बाबा आणि आई यांना,
शिरसाष्टांग नमस्कार.

हे फोनवर सांगायचे मी चार वेळा ठरवले. चारही वेळा आईने "जेवलीस का?" असे विचारले आणि पुढचे शब्द घशातच अडकले, म्हणून आज लिहायला बसले आहे. आषाढीला रजा मिळाली नाही असे मी तुम्हाला सांगितले, ते खोटे होते. रजा मंजूर झाली होती आणि विमानाचे तिकीटही काढून झाले होते. ते तिकीट मी स्वतः रद्द केले, कारण ५ जुलैला, म्हणजे एकादशीच्या आदल्याच दिवशी, येथे बर्मिंगहॅममध्ये ब्लॅक सॅबाथ या रॉक वाद्यवृंदाचा शेवटचा कार्यक्रम होता आणि मला तेथे हजर राहायचे होते. त्या एकादशीला बाबा देवळात गेलेच नाहीत, मृदंग खोळीतच राहिला, हे आईने मला दोन दिवसांनी सांगितले. मी आले असते तर बाबांना हाताला धरून नेले असते, हा विचार तेव्हापासून पाठ सोडत नाही.

बाबा, तुम्ही रागावलात तर तो तुमचा हक्क आहे. पण आधी सगळे ऐकून घ्या. आई, तू चष्मा लावून त्यांना मोठ्याने वाचून दाखव आणि मधले काही गाळू नकोस.

ब्लॅक सॅबाथ म्हणजे माझ्या खोलीतून येणारा तो गोंगाट, ज्याच्यापायी आई दिवेलागणीला माझे दार बाहेरून लोटून घेत असे. मी बारावीला असताना एका संध्याकाळी बाबा पाळीवरून आले, दार उघडून उंबऱ्यातच उभे राहिले, अख्खे गाणे ऐकले आणि एवढेच म्हणाले की हा ढोल वाजवणारा समेवर बरोबर येतो. तो बिल वॉर्ड. त्याच वेळी मी तुम्हाला गिटार वाजवणाऱ्याच्या बोटांविषयी सांगायला हवे होते, पण आपल्या घरात बोटांचा विषय कोणी काढत नसे, म्हणून ते राहून गेले.

टोनी आयोमी हा याच शहराच्या ॲस्टन भागात वाढलेला मुलगा पत्र्याच्या कारखान्यात वेल्डिंग करत होता. १९६५ साली, १७ वर्षांचा असताना, एका वाद्यवृंदाबरोबर जर्मनीला जाण्याचे ठरले म्हणून त्याने नोकरी सोडली. कामाच्या शेवटच्या दिवशी दुपारी जेवायला घरी आला तेव्हा तो परत जायला तयार नव्हता. हातातले काम पुरे करून ये, असे त्याच्या आईने बजावले म्हणून गेला. त्या दिवशी प्रेसवरचा माणूस आला नव्हता, म्हणून टोनीला तेथे उभे केले होते. प्रेस हातावर आला, त्याने हात मागे ओढला आणि उजव्या हाताच्या मधल्या बोटाचे व अनामिकेचे टोक गेले. तो डावखुरा आहे, त्यामुळे गिटारच्या तारा दाबायचा हात नेमका तोच. गिटार विसरून जा, असे डॉक्टरांनी सांगितले. तेव्हा कारखान्याच्या मुकादमाने त्याला जँगो राइनहार्ट या वादकाची तबकडी आणून दिली, ज्याच्या डाव्या हाताची दोन बोटे भाजून जवळजवळ निकामी झाली होती आणि तरीही तो वाजवत होता. टोनीने भांडी घासण्याच्या साबणाच्या बाटलीचे प्लास्टिक वितळवले, त्याच्या बोटांएवढ्या टोप्या केल्या, त्या घासून बेताच्या केल्या आणि वर जुन्या जाकिटाचे चामडे चिकटवले. जाड तारा दाबवेनात म्हणून बँजोच्या बारीक तारा चढवल्या, आणि पुढे त्याही ढिल्या करून सूर खाली उतरवला. ज्या जड, खोल नादाला जग हेवी मेटल म्हणते, त्यात त्या दोन बोटांचा मोठा वाटा आहे.

बाबा, तुमचीही तीच दोन बोटे, त्याच हाताची. भोसरीच्या बाजारात तुमचा हात धरून चालताना माझ्या मुठीत तीच दोन बोटे नीट बसत, आणि सगळ्यांच्याच बाबांची दोन बोटे मुलांना धरता यावीत म्हणून आखूड असतात, अशी माझी पहिलीपर्यंत समजूत होती. प्रेसनंतर मृदंग सुटला असे सगळे धरून चालले होते. तुम्ही मात्र पट्टी निघाल्यावर आईला मूठभर कणीक भिजवायला सांगितलीत, ती मृदंगाच्या डाव्या तोंडाला, धुमेला, लावलीत आणि उजवीकडच्या शाईवरचे बोल पहिल्या बोटावर भार टाकून नव्याने बसवलेत. टोनीची हकीकत मी हॉस्टेलवर असताना प्रथम वाचली, तेव्हा मला त्याच्या गिटारऐवजी तुमचा मृदंग ऐकू येत होता. इतक्या वर्षांत हे तुम्हाला सांगितले नाही, ही माझी चूक आहे.

चौघेही ॲस्टनचेच. टोनी, बिल, गीझर बटलर आणि गाणारा ऑझी ऑझबर्न, चौघेही गिरणी-कारखान्यांच्या वस्तीतल्या घरांतले. ऑझीचे वडील रात्रपाळीला कारखान्याची अवजारे बनवण्याचे काम करीत आणि त्याची आईही कारखान्यात जात असे. ऑझीने कत्तलखान्यात काम केले, मोटारींचे हॉर्न तपासण्याचे काम केले, आणि त्यानंतर चोरीत सापडला. वडिलांनी त्याला अद्दल घडावी म्हणून दंड भरला नाही आणि तो काही आठवडे तुरुंगात राहिला. पुढे त्याच वडिलांनी कर्ज काढून त्याला गाण्यासाठी माइक आणि स्पीकर घेऊन दिले. बाबा, माझ्या पहिल्या गिटारच्या वेळी पतपेढीत कोण गेले होते ते मी विसरलेले नाही.

१९६८ साली ते एकत्र आले. पहिली तबकडी त्यांनी एका दिवसात ध्वनिमुद्रित केली आणि ती १३ फेब्रुवारी १९७० रोजी निघाली. त्याच वर्षी 'पॅरानॉइड' आली आणि ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेली. आई, त्यांच्या नावावरून आणि काळ्या कपड्यांवरून तुला ते भुताखेतांचे वाटायचे, पण त्या तबकडीतले पहिलेच गाणे युद्ध लावून देणाऱ्या आणि स्वतः घरी बसणाऱ्या पुढाऱ्यांविरुद्ध आहे. त्यानंतर पैसा आला आणि त्यामागून सगळे वाईट आले. हिशेब व्यवस्थापकाच्या हातात राहिले, कोर्टकचेऱ्या झाल्या, दारू आणि त्याहून घातक व्यसने चौघांनाही चिकटली. १९७८ च्या जानेवारीत ऑझीचे वडील वारले, आणि १९७९ साली व्यसनापायी त्याला संघातून काढले. ते त्याला सांगण्याचे काम बिलवर आले, जो त्याचा सर्वांत जिवाभावाचा होता. आपल्या भजनी मंडळात अशी वेळ आली होती तेव्हा निरोप घेऊन कोणाला जावे लागले होते हे आपल्या घरात सांगायला नको, म्हणून या प्रसंगापाशी मी नेहमीच थबकते.

पुढची २० वर्षे मी भराभर सांगते, कारण त्यात माणसे येतात आणि जातात एवढेच आहे. रॉनी जेम्स डिओ आला, त्याने संघाला पुन्हा उभे केले आणि भांडून गेला. त्यानंतरचेही गायक आले आणि गेले, कधीकधी जुन्यांपैकी एकटा टोनीच उरला होता. त्याने नाव मात्र खाली ठेवले नाही. १९९७ च्या डिसेंबरमध्ये चौघे पुन्हा याच शहरात एकत्र वाजले. २०११ साली पुन्हा एकत्र येण्याची घोषणा झाली, दोन महिन्यांतच टोनीला लसिका ग्रंथींचा कर्करोग असल्याचे जाहीर झाले, आणि कराराच्या वादावरून बिल बाहेर पडला. उपचार चालू असतानाच टोनीने तबकडी पुरी केली. २०१३ साली ती निघाली आणि ४२ वर्षांनी त्यांना पुन्हा पहिला क्रमांक मिळाला. ४ फेब्रुवारी २०१७ रोजी त्यांनी बर्मिंगहॅममध्ये निरोपाचा कार्यक्रम केला, तोही बिलशिवाय. आणि २०२० साली ऑझीने स्वतः सांगितले की त्याला पार्किन्सन्स आहे.

हा शब्द आपल्या घरात एप्रिलमध्ये आला. त्याआधी दोन महिने, म्हणजे फेब्रुवारीत, ५ जुलैचा कार्यक्रम जाहीर झाला होता आणि नफ्यातला वाटा पार्किन्सन्सवर संशोधन करणाऱ्या संस्थेला व येथील मुलांच्या रुग्णालयाला जाईल असे सांगितले गेले होते. तेव्हा ती माझ्यासाठी बातमी होती. एप्रिलमध्ये आईने बाबांच्या हाताविषयी फोनवर सांगितले, त्यानंतर मला तेथे जाणे टाळता येईना. मी पळून गेले नाही, एवढे समजून घ्या. हा आजार असलेला माणूस लोकांसमोर कसा बसतो ते मला डोळ्यांनी पाहायचे होते, कारण तुम्ही फोनवर हात कॅमेऱ्याबाहेर ठेवता.

व्हिला पार्क हे मैदान ॲस्टनमध्येच आहे, ऑझीच्या लहानपणीच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर. दिवसभर मोठमोठे संघ वाजवत होते. संध्याकाळी रंगमंचाखालून एक काळे सिंहासन वर आले आणि त्यात ७६ वर्षांचा ऑझी बसलेला होता. तो चालू शकत नव्हता. पण पाय हलत होते, टाळ्यांसाठी हात वर जात होते, आणि दर गाण्यात दोनतीनदा तो खुर्चीच्या हातांवर जोर देऊन उठू पाहत होता. आवाज काही ठिकाणी चिरकला. तेथे हजारो लोकांनी ती ओळ उचलली, जशी कीर्तनात बुवांचा श्वास संपला की टाळकरी उचलतात. नंतर चौघे एकत्र आले, २० वर्षांनी प्रथमच. बिलही आला होता, ७७ वर्षांचा. त्यांनी चारच गाणी वाजवली. माझ्या शेजारी एक वयस्क जोडपे होते, त्यातल्या आजोबांचा हात बाबांसारखाच थरथरत होता, आणि आजींनी तो धरून न ठेवता मोकळा सोडला होता. मी रंगमंचापेक्षा त्या हाताकडेच जास्त वेळ पाहत होते.

त्यानंतर १७ दिवसांनी, २२ जुलैला, ऑझी गेला. काल त्याची अंत्ययात्रा ब्रॉड स्ट्रीटवरून निघाली. मी जेवणाच्या सुट्टीत जाऊन उभी राहिले. ब्रास बँड त्याचीच गाणी वाजवत पुढे चालला होता, आणि कालव्यावरच्या ज्या पुलाला संघाचे नाव दिले आहे तेथे गाड्या थांबल्या आणि घरच्यांनी उतरून फुले वाहिली. बाबा, घाबरू नका. डॉक्टरांनी तुमच्याविषयी जे सांगितले ते मी स्वतः ऐकले आहे; तुमचा आजार सुरुवातीचा आहे आणि गोळ्यांचा गुण येतो आहे. तो माणूस आजारी पडूनही शेवटपर्यंत आपल्या माणसांत येऊन बसला, एवढ्याचसाठी मी हे लिहिते आहे.

आता माझी काळजी करू नका. येथे ज्वारीचे पीठ मिळते, मी रोज भाकरी करते, घर उबदार आहे, आणि आईने दिलेली गोधडी उन्हाळ्यातही पायाशी असते. पण तुमच्याकडे मला काही गोष्टी झालेल्या हव्या आहेत आणि त्यात "बघू" हे उत्तर चालणार नाही. न्हाणीघरात आणि संडासात आधाराचे दांडे बसवायला मिस्त्री शनिवारी येईल, त्याला परत पाठवायचे नाही, पैसे मी दिलेले आहेत. न्हाणीघराची आतली कडी लावायची नाही. गोळ्या घड्याळ पाहून घ्यायच्या, आणि बरे वाटते म्हणून आपल्या मनाने बंद करायच्या नाहीत. पुण्यात पार्किन्सन्स मित्रमंडळ आहे, त्यांच्या सभेला दोघांनी एकदा जाऊन या; आवडले नाही तर पुन्हा जा असे मी म्हणणार नाही. आई, चहाचा कप अर्धाच भरून देत जा, पण तो त्यांच्या हातात दे, तोंडाला लावू नकोस. तुझा गुडघाही त्याच दिवशी दाखवून घे. हे मी दरडावून लिहिते आहे असे वाटले तर क्षमा करा. समोर असते तर पाय चेपता चेपता सांगितले असते.

मी दिवाळीला येते आहे. तिकीट काढले आहे आणि या वेळी त्याची प्रत पत्रासोबत जोडली आहे, म्हणजे तुम्हाला माझ्या शब्दावर विसंबावे लागणार नाही. कार्तिकीपर्यंत राहीन. देवळातल्या पारावर मांडी घालून बसणे बाबांना जड जाते, म्हणून हाताची खुर्ची मी धाकट्या मामाला सांगून ठेवली आहे. ती आधी घरी येईल, तीत बसून सवय करा. मृदंग खुर्चीपुढे स्टुलावर ठेवता येतो, आणि बोल निसटले तर उचलायला मंडळी आहेत. मृदंग नकोच वाटला तर टाळ धरा. पेटीवाल्या काकांना मी फोन केला होता, तुम्हाला न विचारता. ते बराच वेळ काही बोलले नाहीत, आणि मग त्यांनी विचारले की कार्तिकीला किती वाजता बसायचे. मी सातची वेळ सांगितली आहे.

आई, कणीक सहालाच भिजवून ठेव.

तुमची,
सई