तो तडा ऑफिसच्या मशीनला नव्हता

तीर्थरूप आई आणि बाबा,
साष्टांग नमस्कार.

बाबा, दोन वर्षांपूर्वी पावसाळ्यात मी एकदा सकाळी फोन केला होता. तुम्ही नुकतेच रंकाळ्यावरून फिरून आला होतात आणि आई चहा टाकत होती. मी विचारलं, बिडाच्या ओतकामाला तडा गेला तर कसा बुजवायचा? कशाचा जॉब आहे, असं तुम्ही विचारलंत. मी म्हटलं, ऑफिसातलं एक जुनं मशीन आहे. मग चहा गार होईपर्यंत तुम्ही बोलत होतात. तड्याच्या दोन्ही टोकांना आधी भोक पाड, म्हणजे तो पुढे पळणार नाही. वेल्डिंगच्या भानगडीत पडू नको, बीड एका जागी तापलं की दुसरीकडे फुटतं. एकाला एक लागून भोकं घे, आटे पाड, पिना बसव, प्रत्येक पीन आधीच्या पिनेत थोडी घुसली पाहिजे. वरून ठोकून घे आणि मग कानस मार. मी सगळं वहीत लिहून घेतलं.

ते मशीन ऑफिसातलं नव्हतं. ते माझं आहे. १९५० च्या सुमाराचं, मर्क्युरी मोटारीचं आठ सिलिंडरचं पेट्रोल इंजिन. ते ज्या गाडीत बसलंय ती गाडी मी गेली तीन वर्षं भाड्याच्या गॅरेजात बांधतेय. शर्यतीची गाडी आहे. पुढच्या महिन्यात ती पहिल्यांदा पळणार आहे, आणि त्याआधी तुम्हाला हे माझ्याकडून कळायला हवं. फोनवर मला धड सांगता आलं नसतं. आईनं काळजीनं काही विचारलं असतं आणि मी विषय बदलला असता, जसा तीन वर्षं बदलत आले.

गाडीला इथे कॅलिफोर्नियात रोडस्टर म्हणतात. वर टप नाही, दोन माणसांची बसायची जागा, बस. फोर्डनं १९०८ ते १९२७ या काळात मॉडेल टी नावाची गाडी काढली, दीड कोटी गाड्या केल्या. माझ्या गाडीचा सांगाडा शेवटच्या वर्षीचा, १९२७ चा आहे. मिळाला तेव्हा खालचा वीतभर पत्रा गंजून गळून गेला होता. तो कापून नवा जोडला. चासी त्यानंतरच्या मॉडेल ए ची आहे, तिच्या पन्हळीसारख्या पट्ट्यांना आतून पाती वेल्ड करून मी त्या चौकोनी बंद केल्या, नाहीतर या इंजिनाच्या जोरानं पीळ पडला असता. मडगार्ड नाहीत, पुढची काच नाही, रंगसुद्धा अजून प्रायमरचाच आहे.

अशा गाड्या इथल्या पोरांनी पूर्वी स्वतःच्या हातांनी केल्या. भंगारातून जुनी टी आणायची, वजन कमी करायचं, मोठं इंजिन घालायचं आणि लॉस एंजेलिसच्या पलीकडच्या वाळवंटात म्युरॉक किंवा एल मिराज नावाच्या कोरड्या पडलेल्या तळ्यांवर जाऊन पळवायची. तळ्याचा तळ वाळून फरशीसारखा सपाट होतो. १९३७ साली तिथे वेळ मोजणाऱ्या क्लबांची संघटनाही झाली. दुसऱ्या महायुद्धानंतर जागोजागी विमानांच्या धावपट्ट्या रिकाम्या पडल्या आणि ही मंडळी तिकडे वळली. दोन गाड्या शेजारी शेजारी उभ्या करायच्या, पाव मैल म्हणजे ४०२ मीटर सरळ पळवायच्या, आधी पोचेल तो जिंकला. वळण नाही, फेऱ्या नाहीत. याला ड्रॅग रेसिंग म्हणतात.

मागच्या वर्षी ऑफिसच्या कामाला मी ज्या विमानतळावरून जात-येत होते, तो माझ्या खोलीपासून पंधरा मिनिटांवर आहे. आज त्याला जॉन वेन विमानतळ म्हणतात. १९५० साली तिथेच, सांता आनाच्या धावपट्टीवर, सी. जे. हार्ट आणि त्यांच्या जोडीदारांनी तिकीट लावून ड्रॅग शर्यती सुरू केल्या. हार्ट यांची बायको पेगी स्वतः तिथे गाडी पळवायची. विमानात बसून पट्टा बांधताना मला दर वेळी तिची आठवण यायची.

आई, आता तू काय म्हणणार ते मला ऐकू येतंय. तुला एक विचारते. शिरोळला मामाचा छकडा शर्यतीत असायचा तेव्हा तू पदर खोचून कठड्यावर चढायचीस ना? २०१४ साली कोर्टानं शर्यती बंद केल्या तेव्हा मामाइतकीच तूही गप्प गप्प होतीस, आणि २०२३ चा निकाल आला त्या दिवशी मला मध्यरात्री फोन केलास. झेंडा पडला की पुढे काय होतं ते तुला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. इथेही १९६३ पर्यंत झेंडाच असायचा, नंतर दिव्यांचा खांब आला. शर्यत मी तुझ्याकडूनच घेतली आहे आणि लोखंड बाबांकडून, असं मला अगदी मनापासून वाटतं.

बाबा, इंजिनाबद्दल मात्र तुम्हाला सगळं सांगायचंय.

फोर्डनं १९३२ साली पहिल्यांदा स्वस्त गाडीत आठ सिलिंडरचं व्ही आकाराचं इंजिन दिलं. तोवर अशी इंजिनं बहुतेक तुकड्यांत ओतून बोल्टांनी जोडायचे. यांनी आठही सिलिंडर आणि खालची क्रँककेस एकाच ओतकामात काढली. तुम्हाला कळेल हे काय काम आहे. आतल्या पाण्याच्या वाटा, वायूच्या वाटा, सगळ्यांचे गाभे एका साच्यात जागच्या जागी राहिले पाहिजेत. सुरुवातीला कित्येक ब्लॉक भंगारात गेले. माझं इंजिन त्याच घराण्यातलं, मर्क्युरीसाठी थोडं मोठं केलेलं.

याला फ्लॅटहेड म्हणतात, कारण वरचं झाकण नुसतं सपाट असतं. व्हॉल्व्ह झाकणात नाहीत, सिलिंडरच्या शेजारी ब्लॉकमध्येच उभे आहेत. त्यामुळे जळका वायू सिलिंडरांच्या मधून, पाण्याला चिकटून वाट काढत बाहेरच्या अंगाला जातो. प्रत्येक बाजूला सिलिंडर चार आणि बाहेर पडायची तोंडं तीनच, मधल्या दोघांना मिळून एक. म्हणून हे इंजिन तापतं, आणि तापून तापून व्हॉल्व्हच्या बैठकीपासून बोअरपर्यंत, म्हणजे सिलिंडरच्या भोकापर्यंत, तडकतं. १९५५ साली शेवरोलेचं नवं व्ही-एट आल्यावर शर्यतवाले तिकडे गेले ते बरोबरच होतं. पण मला हेच हवं होतं. ज्या इंजिनावर पोरांनी पहिल्यांदा हात काळे केले ते इंजिन, त्याच्या दुखण्यासकट.

ब्लॉक रिव्हरसाइडच्या एका शेडमध्ये मिळाला. घेण्याआधी मी तो हातोडीनं वाजवून बघितला, तुम्ही फाउंड्रीतून ओतकाम आलं की बघायचात तसा. शाळेतून डबा घेऊन उद्यमनगरात यायचे तेव्हा तुम्ही मलाही वाजवायला द्यायचात, आठवतं? आवाज खणखणीत आला. पण धुऊन, चुंबक लावून लोखंडाची भुकटी टाकली तेव्हा एका व्हॉल्व्हपाशी केसाएवढी रेघ उमटली. त्याच आठवड्यात मी तुम्हाला तो फोन केला.

अकरा पिना लागल्या. आमच्या गल्लीत ऐंशी ओलांडलेले एक आजोबा राहतात, पोरवयात ते लायन्स नावाच्या ड्रॅग स्ट्रिपवर गाड्या पळवायचे. ती १९७२ साली बंद झाली. त्यांनी माझ्या वहीतलं पान वाचून घेतलं, म्हणजे मी इंग्रजीत सांगितलं, आणि विचारलं, हे कुणी शिकवलं? मी सांगितलं, कोल्हापूरच्या एका टर्नरनं. तेव्हापासून ते तुमची चौकशी करतात.

मग बोअर. मूळचा तीन इंच दीड सूत होता, मी बरोबर एक सूत वाढवून तीन इंच अडीच सूत केला. क्रँकचा स्ट्रोक चार इंच. आठ सिलिंडरांचे मिळून २७६ घन इंच होतात, म्हणजे साडेचार लिटर. इथे सगळे सोळांशात बोलतात, मी मनात सुतातच मोजते. बोअरिंग आणि होनिंग बाहेर एका शॉपमध्ये करून घेतलं, पण मापं मी स्वतः घेतली. त्यांनी परत पाठवलेल्या ब्लॉकच्या पहिल्या सिलिंडरला खाली वर एक थाउचा, म्हणजे इंचाच्या हजाराव्या भागाचा, फरक निघाला, तो परत करून घेतला. शॉपवाला वैतागला. मी मागे हटले नाही.

वर तीन स्ट्रॉमबर्ग ९७ कार्बोरेटर आहेत. ९७ म्हणजे गळ्याचा व्यास एका इंचाच्या शंभर भागांतले ९७. व्हॉल्व्ह उघडणारा कॅम इस्केंडेरियन यांच्या कारखान्यातला आहे. त्यांची गोष्ट तुम्हाला आवडेल. आर्मेनियन घरातला मुलगा, टूल-अँड-डायचं काम शिकलेला. युद्धानंतर एक जुनं ग्राइंडर घेतलं आणि स्वतःच बदल करून त्यावर कॅम घासायला लागला. हे वाचताना मला तुम्ही सांगायचात त्या म्हादबा मेस्त्रींच्या गोष्टी आठवल्या. गिअरबॉक्स १९३९ च्या फोर्डचा, तीन गिअरचा. मागचा ॲक्सल मात्र असा आहे की त्याचं झाकण उघडलं की सरळ दात्यांची दोन चाकं हातात येतात. ती बदलली की गाडीचं गुणोत्तर बदलतं, दहा मिनिटांत. तुम्ही इथे असतात तर दिवसभर तेच उघडत-लावत बसला असतात.

आणि अजून एक कबुली. मार्चमध्ये मी तुम्हाला एका इंजिनाचा आवाज पाठवला होता, इथल्या जुन्या गाड्यांच्या मेळ्यातला म्हणून. तुम्ही उलट निरोप पाठवलात, "आवाज छान आहे, पण एक सिलिंडर मागं पडतंय." तो माझ्याच इंजिनाचा तिसरा की चौथा दिवस होता. मी आठही प्लग काढले. सातव्या सिलिंडरचा काजळीनं काळा झाला होता. चौदा हजार किलोमीटरवरून, फोनच्या एवढ्याशा स्पीकरवर तुम्हाला जे ऐकू आलं ते मला शेजारी उभं राहून आलं नव्हतं. त्या रात्री मी तुम्हाला सगळं सांगणारच होते. धीर झाला नाही.

धीर झाला नाही त्याचं मुख्य कारण पैसे. साधारण २३ हजार डॉलर गेले, तीन वर्षांत. कर्ज काढलेलं नाही. पण तुम्ही विचारायचात तेव्हा मी बचत चालू आहे असं सांगत होते, आणि आईनं ते आत्यांना, काकूंना सांगितलं. ते खोटं होतं. त्याबद्दल मी तुमची माफी मागते. गाडीवर खर्च केला याचं मला वाईट वाटत नाही, तुमच्यापासून लपवलं याचं वाटतं.

आई, आता तुझ्यासाठी. गाडी साडेतेरा-चौदा सेकंदांत ४०२ मीटर जाईल आणि शेवटी वेग ताशी १६० किलोमीटरच्या आसपास असेल. टीव्हीवर आगीचे लोळ सोडत पळतात त्या गाड्या ५०० च्या वर जातात, त्यातली ही नव्हे. माझ्या डोक्यामागे पावणेदोन इंची पोलादी नळीची कमान आहे, सरळ चासीला वेल्ड केलेली. पाच पट्ट्यांनी मी सीटला बांधलेली असते. टप नाही म्हणून हातांनाही पट्टे असतात, गाडी उलटलीच तर हात बाहेर जाऊ नयेत यासाठी. जुन्या काळी क्लच फुटला की तुकडे थेट पायांत यायचे, म्हणून आता क्लचभोवती जाड पोलादाची घंटा असते. माझ्याकडेही आहे, ती मी सगळ्यात आधी विकत घेतली, इंजिनाच्याही आधी. हेल्मेट आणि आगीला टिकणारे कपडे नसतील तर तपासणीवाले रांगेतच उभं करत नाहीत. धोका नाही असं मी म्हणणार नाही, तुला ते पटणारही नाही. मी प्रत्येक वेल्ड दोनदा तपासून घेतलाय, एवढं लक्षात ठेव.

शर्यत फमोसोला आहे, बेकर्सफील्डच्या उत्तरेला. तीही युद्धातली धावपट्टीच, आजूबाजूला बदामाच्या बागा. १९५९ पासून तिथे मार्चमध्ये मोठी शर्यत होते. माझी मोठी नाही, सरावाचा शनिवार आहे. सकाळी दहाला सुरू होईल तेव्हा तुमच्याकडे रात्रीचे साडेदहा वाजलेले असतील. आजोबा फोन धरून उभे राहणार आहेत. जागे राहाल का? मामालाही बोलवा.

बाबा, एक अडचण उरली आहे. परवा इंजिन वीस मिनिटं चालवलं आणि तापल्यावर तिसऱ्या पिनेपाशी पाण्याचा थेंब आला. वाहत नाही, घामासारखं झिरपतं. गार झालं की थांबतं. इथे सगळे म्हणतात, बाटलीतलं सीलर ओत. पण मला अंधुक आठवतंय, झिरपणाऱ्या ओतकामात तुम्ही नवसागराचं पाणी भरून ठेवायचात, आतून गंज चढून छिद्र बंद व्हायचं. माझी झाकणं ॲल्युमिनियमची आहेत, नवसागर ती खाईल, म्हणून ती काढून जुनी बिडाची लावीन. नवसागर किती घालायचा आणि किती दिवस भरून ठेवायचा, ते सांगा. की ती पीनच काढून पुन्हा बसवू? हातात तीन आठवडे आहेत. या वेळी मी वही घेऊन बसते आणि तुम्ही विचाराल त्याचं खरं उत्तर देते.

तुमची,
धाकटी