टाळी देऊन उतरवलेली भूमिका

मँचेस्टर,
12 ऑक्टोबर

तीर्थरूप बाबा आणि सौ. आई यांना शिरसाष्टांग नमस्कार.

मी येथे खुशाल आहे, जेवण वेळेवर होते आणि थंडीचे कपडे पुरेसे आहेत. सलग दुसऱ्या वर्षी गणपतीला घरी येता आले नाही, याचे वाईट वाटते. आईने पाठवलेला कुंदा मात्र मी पुरवून पुरवून खाल्ला.

नाटकातला फोटो पाहून आईला जी काळजी वाटली, तिच्याविषयी सविस्तर लिहिते. नाटक हलकेफुलके होते. रोज रंगमंचावर प्रेमिक होणाऱ्या आणि विंगेत एकमेकांशी न बोलणाऱ्या दोन नटांना, कोणते वाक्य भूमिकेचे आणि कोणते आपले, हे कळेनासे होते, एवढीच त्याची गोष्ट. येथे अशा प्रसंगांसाठी दिग्दर्शकाखेरीज एक वेगळ्या जाणकार बाई येतात. कोणाचा हात कोणाच्या खांद्यावर, किती वेळ आणि कोणत्या वाक्याला, हे त्या दोघांची संमती विचारून ठरवतात आणि वहीत लिहून ठेवतात. शिवाय प्रवेशाआधी दोघांनी एकमेकांच्या डोळ्यांत पाहून टाळी द्यायची आणि प्रवेश संपला की पुन्हा द्यायची. पहिली टाळी म्हणजे भूमिका अंगावर घेतली, दुसरी म्हणजे ती उतरवली. आपल्याकडे नारळ फुटतो, नटराजाची पूजा होते, तिसरी घंटा होते. पण भूमिका उतरवण्याचा असा विधी मी कोठे पाहिला नव्हता. त्यामुळे आई, त्या फोटोत जे दिसते ते सगळे वहीत लिहिलेले आहे.

एका तालमीत मात्र प्रवेश अर्ध्यावर असताना आगीची घंटा वाजली आणि आम्ही सगळे टाळी न देताच पावसात बाहेर आलो. माझ्यासोबत काम करणारा मुलगा धारवाडचा आहे. थंडी वाजते का, असे त्याने कन्नडमध्ये विचारले आणि मी बेळगावच्या सवयीने मराठीत उत्तर देऊन गेले. ‘थंडी’ हा शब्द त्याच्याही बोलीत तोच आहे. त्या पंधरा मिनिटांत आम्ही नाटकातले एकही वाक्य बोललो नाही.

बाबा, नाटकाच्या नादाने मी वाहवत गेले, असे कृपया समजू नका. हीच शंका मलाही होती, म्हणून मी कोणालाच काही सांगितले नाही. शेवटच्या प्रयोगानंतर आम्ही नियमाप्रमाणे टाळी दिली, त्याला आता चार महिने झाले. भूमिका गेली, संवादही विसरले, पण मनातले गेले नाही.

बेळगाव कर्नाटकात गेल्याच्या निषेधार्थ तुम्ही दर 1 नोव्हेंबरला काळी फीत लावून फेरीला जाता आणि त्यामागचे दुःख मी लहानपणापासून पाहिले आहे. ते दुःख मी हलके मानत नाही, आणि मराठी तर मी कधीच सोडणार नाही. पण रोज पहाटे तुम्ही ज्या कुमार गंधर्वांना ऐकता, ते 1924 साली आपल्याच जिल्ह्यातल्या सुळेभावीत कन्नड घरात जन्मले. आपल्या मराठी नाटकाला ‘सौभद्र’ देणारे अण्णासाहेब किर्लोस्करही याच जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे. आपल्या मातीत दोन्ही भाषा किती जवळ नांदल्या, हे मला तुम्हीच शिकवले.

या महिन्यात 15,000 रुपये कमी पाठवत आहे, कारण नव्या खोलीची अनामत भरावी लागली. स्लॅबचे काम त्यामुळे थांबवू नका; पुढच्या महिन्यात भरून काढीन. आईने गुडघ्याची तपासणी पैशांसाठी पुढे ढकलू नये.

कोल्हापूरच्या आत्याने आणलेल्या स्थळाला तूर्त होकार कळवू नये, ही विनंती. जानेवारीत मी येते आहे आणि तोही त्याच सुमारास धारवाडला येणार आहे. तुम्ही परवानगी दिलीत, तर तो एकदा घरी येऊन तुमच्या पाया पडेल. तो मराठी शिकतो आहे. ‘ळ’ तर त्याला आधीपासूनच येतो.

तुमची
सुमी

ता. क. हे फोनवर सांगण्याचे धैर्य झाले नाही. आईला पत्र तुम्हीच वाचून दाखवा.