खोडलेला 97

अनगोळ, बेळगाव

प्रिय बाळ,

अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू बाटलीचं सांगितलंस ते रात्रभर डोक्यात होतं. आंबोलीला पाणी संपवून झाकण घट्ट लावलेली बाटली, सावंतवाडी येईपर्यंत कुणी हात न लावता दोन्ही बाजूंनी आत दबली. घाट उतरताना कानात दडे बसले हेही तूच सांगितलंस. "बाबा, असं का होतं?" म्हणालीस आणि मला तुझी प्रयोगवही आठवली.

जानेवारीत तू पाणी उकळून थर्मामीटर लावला होतास. पारा 97 च्या जरा वर जाऊन थांबला. गॅस मोठा केलास, तरी हलला नाही. तू 97 लिहिलंस आणि मी म्हणालो, "पुस्तकात 100 आहे, थर्मामीटर खराब असेल, खोड ते." तू माझ्याकडे एकदा बघितलंस, काही बोलली नाहीस आणि खोडलंस.

बाळ, तुझं बरोबर होतं.

उद्यमबागमध्ये मी लेथवर जॉब करतो तेव्हा मिलिमीटरच्या शंभराव्या भागाचं माप बघतो. माप चुकलं तर जॉब रिजेक्ट होतो, पण माप कुणी बदलत नाही. आणि मायक्रोमीटरचं शून्य तपासल्याशिवाय आम्ही कशालाच लावत नाही. त्या दिवशी तुझ्या थर्मामीटरचं शून्य मी तपासलं नाही. नुसतं खराब म्हणून मोकळा झालो.

आज सकाळी तपासलं. बर्फ फोडून वाटीत घातला, थोडं वितळू दिलं, थर्मामीटर ठेवला. बरोबर शून्य. मग पातेल्यात पाणी उकळलं, तीन वेळा. तिन्ही वेळा 97 आणि 98 च्या मधे.

कारण तुझ्या बाटलीतच आहे. बेळगाव समुद्रापासून साधारण 750 मीटर उंच. आंबोलीही जवळपास तेवढीच. आपल्या डोक्यावरची हवा, तू आता आहेस त्या समुद्रकाठच्या वेंगुर्ल्यापेक्षा कमी, म्हणून तिचा दाबही आठेक टक्के कमी. पाण्याची वाफ आतून बुडबुडे करून वर यायला बघते आणि हवा तिला वरून दाबून धरते. हवेचा जोर कमी असला की वाफेला कमी तापमान पुरतं. साधारण 300 मीटर वर गेलं की एक अंश कमी, एवढा हिशेब धर. पुस्तकातला 100 समुद्रकाठच्या दाबाचा आहे. तू आंबोलीची हवा बाटलीत कोंडून खाली नेलीस. खालच्या हवेचा जोर जास्त, तिने बाटली दाबली. कानांचंही तेच.

आता तू समुद्राजवळ आहेस, तर तिथं करून बघ की. रविवारी आई येतेय, तिच्याकडे थर्मामीटर देतोय. 110 अंशांपर्यंतचा, तोच जुना. घरातला तापाचा घेऊ नकोस, तो 42 च्या पुढे जात नाही, फुटेल. गोडं पाणी घे, मीठ नको. थर्मामीटरचं टोक पातेल्याच्या बुडाला टेकू देऊ नकोस, मधोमध धर. मावशी शेजारी असेल तेव्हाच गॅस पेटव, आणि वाफेवर हात नेऊ नकोस. पारा थांबला की दोन मिनिटं बघत राहा. काय येतं ते लिही. माझा अंदाज सांगत नाही, मग तू तोच शोधत बसशील.

तुझी मोटर कपाटावर तशीच आहे. सेल, दोन सेफ्टी पिना, जुन्या स्पीकरचं चुंबक, तांब्याच्या तारेची कॉइल. परवा मी सेल लावून बघितला. कॉइल अर्धी फिरते आणि तिथंच हिंदकळत मागे येते. तारेच्या दोन्ही टोकांचं इनॅमल, म्हणजे करंट अडवणारा वरचा थर, तू चहूबाजूंनी स्वच्छ खरवडलंयस. ब्लेड माझ्या हातात होतं, पण ठेवून दिलं. पहिल्या अर्ध्या फेरीत चुंबक कॉइलला पुढे ढकलतं, दुसऱ्या अर्ध्या फेरीत तेच मागे ओढतं. त्या दुसऱ्या अर्ध्या फेरीपुरता करंट बंद ठेवायचा तर टोकाचं इनॅमल कसं खरवडावं लागेल, यावर डोकं चालव. तार आणखी लागली तर माझ्याकडे आहे, मागून घे.

आजीला तुझी आठवण येते. कुंदा पाठवतोय, मावशीलाही दे.

प्रयोगवही आईच्या पिशवीत खाली ठेवलीय, पान दुमडून. रबर फिरवलं तरी 97 चा ठसा अजून दिसतो. मी त्यावर पेन्सिल फिरवलेली नाही. ती तू फिरव, आणि खाली वेंगुर्ल्याचा आकडा लिही.

तुझा,
बाबा