प्लास्टर निघालं, पण हाडांचं काय?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या आरोग्य पुरवणीत ऑस्टिओपोरोसिसवर, म्हणजे हाडं ठिसूळ होण्यावर अधूनमधून लेख येतात आणि मी ते आवर्जून वाचते, पण बहुतेक लेखांत कॅल्शियम कशाकशात असतं याचीच यादी असते आणि शेवटी 'डॉक्टरांचा सल्ला घ्या' एवढं एक वाक्य. तो सल्ला कधी घ्यायचा, काय विचारायचं, हे कुणी लिहीतच नाही. मी फिजिओथेरपिस्ट आहे, फ्रॅक्चर झालेली माणसं रोजच माझ्याकडे येतात, म्हणून न राहवून लिहितेय.

पन्नाशी-साठी ओलांडलेल्या बायका यात जास्त. घरातल्या घरात पाय घसरला, हात टेकवला आणि मनगट मोडलं. मग प्लास्टर, आणि प्लास्टर निघाल्यावर बोटं आखडली म्हणून माझ्याकडे. मी फाइल बघते तर एक्सरे असतो, गोळ्या असतात, प्लास्टर कधी काढलं ते असतं, पण हाडांची घनता तपासून घ्या असं बहुतेक वेळा कुठेच लिहिलेलं नसतं. "काकू, याआधी कधी हाड मोडलं होतं का?" असं विचारलं की सांगतात, "हो, मागे एकदा खांदा, पण तेव्हाही पडलेच होते ना गं." पडले म्हणून मोडलं, विषय संपला. अहो पण उभ्या उभ्या पडल्यावर धडधाकट हाड सहसा मोडत नाही, मोडलं तर आधी हाडावरच शंका घ्यायला हवी. आणि एकदा असं फ्रॅक्चर झालं की पुढचं व्हायचा धोका जवळपास दुप्पट होतो, त्यातही पहिली दोन वर्षं जास्त जपायची. नेमकी तीच दोन वर्षं आपण 'जुळलं एकदाचं हाड' म्हणून निवांत घालवतो याचं मला फार वाईट वाटतं.

हे फक्त बायकांचं दुखणं आहे असंही नाही. जगात पन्नाशीनंतर साधारण दर ३ बायकांत एकीचं आणि दर ५ पुरुषांत एकाचं हाड यामुळे मोडतं, आणि खुब्याचं हाड मोडल्यावर वर्षभरात दगावणाऱ्यांचं प्रमाण पुरुषांत जास्त असतं. तरी घरातल्या बाबांची, आजोबांची तपासणी करायचं कुणाच्या डोक्यातही येत नाही.

मणक्यांचं तर त्याहून अवघड. मणके दबले तरी पडल्याचं आठवत नाही, पाठ दुखते ती वयामुळे म्हणून सोडून देतात, आणि मणक्याच्या फ्रॅक्चरपैकी जवळपास दोन तृतीयांश असे लक्षातच येत नाहीत. म्हणून मी नवीन पेशंटला भिंतीला टेकवून उंची मोजते आणि तरुणपणी किती होती ते विचारते. ४ सेंटीमीटर किंवा जास्त उंची गेली असेल तर डॉक्टरांना दाखवून मणक्याचा एक्सरे काढायचा का ते विचारायलाच हवं. टेप घरोघरी असते, कुणीही मोजू शकतं.

हाड म्हणजे काही निर्जीव खांब नाही, जुनं झिजवून काढणं आणि नवीन भरणं हे आत सतत चालू असतं. तिशीपर्यंत भर जास्त पडते, नंतर हळूहळू झीज वरचढ होते आणि पाळी गेल्यावर इस्ट्रोजेन हे हार्मोन कमी झालं की हा वेग एकदम वाढतो, पहिल्या ५ ते ७ वर्षांत काही जणींची २० टक्क्यांपर्यंत घनता जाते. आणि हे सगळं होताना दुखत काहीच नाही हो! म्हणून तर तपासणी हवी.

तपासणी म्हणजे हाडांची घनता मोजणारा डेक्सा स्कॅन. कंबरेचे मणके आणि खुबा, दहा-पंधरा मिनिटं नुसतं पडून राहायचं, रेडिएशन छातीच्या एक्सरेपेक्षाही कमी. रिपोर्टमध्ये टी स्कोअर येतो, म्हणजे धडधाकट तरुण हाडांच्या तुलनेत तुमची घनता किती ते. उणे १ पर्यंत ठीक, उणे १ ते उणे २.५ च्या मधलं म्हणजे घनता कमी व्हायला लागलीय, आणि उणे २.५ किंवा त्याखाली म्हणजे ऑस्टिओपोरोसिस, जागतिक आरोग्य संघटनेची १९९४ पासूनची व्याख्या ही आहे. टाचेला मशीन लावून जी झटपट तपासणी करतात तिच्यावरून निदान करायचं नसतं, आणि उणे २.३ आलं म्हणून 'वाचलो' असंही नसतं, कारण बरीच फ्रॅक्चर या मधल्या पट्ट्यातच होतात. वय, आधीचं फ्रॅक्चर, आईवडिलांचा खुबा मोडला होता का, स्टेरॉइड चालू आहेत का, सिगारेट, दारू असं सगळं धरून पुढच्या १० वर्षांचा धोका काढायला फ्रॅक्स नावाचं गणित २००८ पासून आहे, डॉक्टरांना ते करा म्हणून सांगायला लाजायचं काहीच कारण नाही. थायरॉइड, पॅराथायरॉइड, किडनी, आतड्यांचे आजार यातलं काही मागे लपलंय का ते रक्ताच्या तपासणीत बघावं लागतं, नाहीतर नुसत्या गोळ्या गिळत बसायचं.

कॅल्शियमबद्दल थोडक्यात. या वयात जेवणातलं आणि गोळीतलं मिळून दिवसाला १००० ते १२०० मिलिग्रॅम पुरे, एका वेळी ५०० च्या आसपासच घ्यावं, कॅल्शियम कार्बोनेटवाली गोळी जेवणासोबत, आणि थायरॉइडची गोळी चालू असेल तर दोन्हींत ४ तासांचं अंतर. व्हिटॅमिन डी जितकं जास्त तितकं चांगलं हा तर मोठाच गैरसमज. ऑस्ट्रेलियात सत्तरीपुढच्या बायकांना वर्षातून एकदाच ५ लाख युनिट देऊन बघितलं होतं, २०१० मध्ये निकाल आला तेव्हा त्या बायका कमी नाही, उलट जास्त पडल्या आणि फ्रॅक्चरही जास्त झाले.

आता माझ्या विषयाचं. निदान झालं की घरचे म्हणतात आता काही उचलू नकोस, बसून रहा. आणि बसून राहिलं की हाडावर भार नाही, मांड्यांत ताकद नाही, तोल जातो, माणूस पुन्हा पडतो. चालणं चांगलंच, पण नुसतं चालून भागत नाही. पोहणं आणि सायकल दमासाठी उत्तम पण हाडावर पुरेसा भार येत नाही. हाडाला लागतं ते वजन उचलणं, स्वतःच्या शरीराचा भार पेलणं आणि तोल सांभाळायचा सराव. ऑस्ट्रेलियातच २०१८ साली एक प्रयोग प्रसिद्ध झाला, पाळी गेलेल्या, हाडं कमजोर झालेल्या बायकांनी ८ महिने आठवड्यातून दोनदा अर्धा तास तज्ज्ञांच्या देखरेखीखाली चांगलं जड वजन उचललं, तर त्यांच्या कंबरेच्या मणक्यांची घनता सरासरी २.९ टक्के वाढली आणि घरी हलका व्यायाम करणाऱ्यांची १.२ टक्के घटली. पण देखरेखीखाली हा शब्द कृपया कुणी विसरू नका, व्हिडिओ बघून उद्यापासून डंबेल उचलायला जाऊ नका. मणका दबलेला असेल तर कंबरेतून पुढे वाकायचे व्यायाम आणि वाकून पीळ देणं चालत नाही, आणि 'पाठ मोकळी होते' म्हणून नेमके तेच करणारे मला खूप भेटतात.

मी सुरुवात खुर्चीपासून करते. हात छातीवर, खुर्चीतून उठायचं, बसायचं. पहिल्यांदा बहुतेक जणी पुढे झोका घेऊन उठतात आणि बसताना धपकन बसतात. आम्ही बसताना मनात चार आकडे मोजायला लावतो, गुडघे आत पडतायत का ते बघतो, ते जमलं की हातात वजन. मग ओट्याला धरून एका पायावर उभं राहणं. खाली पडलेली वस्तू पाठ सरळ ठेवून, खुब्यातून आणि गुडघ्यातून वाकून कशी उचलायची हे तर पुन्हा पुन्हा करून घेते.

घर पण बघायला हवं. बाथरूममध्ये पकडायला दांडा, रात्रीचा दिवा, सरकणारी पायपुसणी, चष्म्याचा नंबर. झोपेची गोळी किंवा बीपीची गोळी घेतल्यावर चक्कर येत असेल तर तेही डॉक्टरांना सांगा.

औषधं देणं माझं काम नाही, पण पेशंट माझ्यासमोर बराच वेळ असतात म्हणून मनातलं सांगतात, आणि 'बरं वाटतंय म्हणून बंद केलं' हे वाक्य मी सतत ऐकते. हाडांची झीज कमी करणारी, आठवड्यातून एकदा घ्यायची अ‍ॅलेन्ड्रोनेटची गोळी उपाशीपोटी पेलाभर साध्या पाण्याबरोबर घेऊन अर्धा तास आडवं व्हायचं नाही, खायचंही नाही, हे नीट न सांगितल्यामुळे जळजळ होते आणि गोळी सुटते. या प्रकारच्या गोळ्या काही वर्षांनी थांबवता येतात, पण कधी ते डॉक्टर ठरवतात. दर ६ महिन्यांनी घ्यायच्या, त्याच कामाच्या डेनोसुमॅब इंजेक्शनचं मात्र वेगळं आहे, ते चुकवलं किंवा दुसरं औषध सुरू न करता बंद केलं तर घनता झपाट्याने उतरते आणि एकदम दोन-तीन मणके मोडू शकतात. या औषधांमुळे जबड्याच्या हाडाला त्रास होईल ही भीती सगळ्यांना असते, तो त्रास ऑस्टिओपोरोसिसच्या रुग्णांत दुर्मिळ आहे, दात काढायचे असतील तर शक्यतो आधी उरकून घ्यावेत आणि दातांच्या डॉक्टरांना औषधाचं नाव सांगावं. ही औषधं चालू असताना मांडीत किंवा जांघेत नवीन दुखणं सुरू झालं तर अंगावर काढू नये.

स्कॉटलंडमधल्या ग्लासगोत १९९० च्या दशकाच्या अखेरीस एक साधी पद्धत सुरू झाली, पन्नाशीपुढचं कुणी फ्रॅक्चर घेऊन आलं की एक नर्स त्याची नोंद ठेवते, डेक्सा करून घेते, औषध सुरू झालं का ते बघते. आज अनेक देशांत हे चालतं. आपल्या वाचकांच्या हॉस्पिटलात असं कुणी नसेल तर हे काम घरच्यांनाच करावं लागणार.

२० ऑक्टोबरला जागतिक ऑस्टिओपोरोसिस दिन असतो. त्या दिवशीच्या पानावर कॅल्शियमची यादी थोडी छोटी करा आणि एखाद्या एंडोक्रायनॉलॉजिस्टकडून, म्हणजे हार्मोनच्या डॉक्टरांकडून, किंवा हाडांच्या डॉक्टरांकडून औषधं कधी सुरू करायची, कधी थांबवायची, मध्येच डोस चुकला तर काय करायचं यावर सविस्तर लिहून घ्या ही विनंती. व्यायामाचा भाग फोटोंसकट लिहून द्यायला मी तयार आहे.

आपली नियमित वाचक,
एक फिजिओथेरपिस्ट