मंत्रीसाहेब, माझ्या मुलीची दोन मिनिटं राहिलीत

माननीय मंत्रीसाहेब,
सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव मुद्दामच लिहीत नाही, खुर्चीवर उद्या दुसरं कोणी बसलं तरी हे पत्र त्यांनाही लागू पडेल.

काल १९ फेब्रुवारीला आमच्या भागातल्या शिवजयंतीच्या प्रोग्रामला तुम्ही आलात, त्याबद्दल आभार. माझी मुलगी सहावीत आहे. तिला स्टेजवर दोन मिनिटं मिळणार होती. गोव्यातल्या नार्वे गावच्या सप्तकोटेश्वराच्या देवळाचा शिलालेख पाठ म्हणायचा आणि अर्थ सांगायचा, एवढंच. "शके १५९० कीलकाब्दे कार्तिक कृष्ण पंचम्यां सोमे श्रीशिवराज्ञा देवालयस्य प्रारंभः", म्हणजे त्या दिवशी शिवाजी महाराजांच्या आज्ञेने देवळाचं काम सुरू झालं. महिनाभर जेवताना, केस विंचरताना, झोपताना तेच चाललेलं, शेवटी माझ्या सासूबाईंनाही पाठ झालं. मी रात्री दोनपर्यंत बसून तिची नऊवारी शिवली, दुकानातून अर्ध्या दिवसाची सुट्टी घेतली, तिचे पैसे कापले जातात ते वेगळंच. आणि काल काय झालं तर सत्कार झाले, शाली झाल्या, तुमचं भाषण पाऊण तास चाललं, मग माईकवर सांगितलं की वेळेअभावी विद्यार्थ्यांचे कार्यक्रम होणार नाहीत. स्टेजच्या मागे नऊ मुलं उन्हात उभी होती साहेब. घरी येईपर्यंत ती एक शब्द बोलली नाही, साडी सोडताना फक्त विचारलं, आई, माझं काय चुकलं? मला उत्तर देता आलं नाही म्हणून तुम्हाला लिहितेय.

गेल्या वर्षी ह्याच स्टेजवरून तुम्ही सांगितलं होतं की प्रत्येक शाळेला नार्वे आणि फोंड्याच्या किल्ल्यावर न्यायला बस देऊ, आणि महाराजांचा गोव्यातला इतिहास मुलांना वाचता येईल असं छोटं पुस्तक काढू. आम्ही टाळ्या वाजवल्या. वर्ष गेलं. मी तीन अर्ज केले, दोनदा स्वतः जाऊन बसले, दर वेळी एकच उत्तर, फाईल वर गेलीय. वर म्हणजे कुठे ते कोणी सांगत नाही. कालच्या मंडप, बॅनर, हारांवर दोन लाख तरी गेले असतील असं लोक म्हणतात, खरा आकडा तुमच्याकडेच असणार, पण त्यात किती बसेस आल्या असत्या तो हिशोब मला दुकानात उभं राहून पण करता येतो.

मुलीच्या वर्गात तिची मैत्रीण आहे, बार्देशातल्याच कोलवाळची, ख्रिश्चन. तिने विचारलं, शिवाजी गोंयांत आयिल्लो? म्हणजे गोव्यात आला होता का? बाईंना सांगता आलं नाही. बाईंचा दोष नाही, त्यांना तरी कोणी शिकवलं? पोरांना अफझलखान माहीत, आग्र्याचे पेटारे माहीत, ते माहीत पाहिजेच. पण सप्तकोटेश्वर हा कदंब राजांचा देव, आपल्या नाण्यांवर ते त्याचं नाव घालायचे, त्याचं देऊळ दिवाडी बेटावर होतं, सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी ते पाडलं, लोकांनी लिंग नदीपलीकडे नार्व्याला आणून ठेवलं आणि १६६८ मध्ये महाराजांनी तिथे देऊळ बांधायला सुरुवात केली, हे कोण सांगणार? रोज कदंब नावाच्या सरकारी बसमधून शाळेत जाणाऱ्या पोराला कदंब कोण ते माहीत नाही. सरकारने २०२३ मध्ये त्या देवळाचं जीर्णोद्धाराचं काम पूर्ण केलं, चांगलंच केलं, मी जाऊन नमस्कार करून आले. पण दगड दुरुस्त केला आणि तो वाचणारी पोरं तयार केली नाहीत तर काय उपयोग?

जुन्या गोव्याहून फेरीने दिवाडीला, बेट ओलांडून दुसऱ्या फेरीने नार्व्याला. देव ज्या पाण्यावरून गेला त्याच पाण्यावरून मुलांना न्या, एका दिवसाचं काम. माझ्या लहानपणी आमच्या गुरुजींनी नेलं होतं. मराठी प्राथमिक शाळा, एक खोली, चार वर्ग, गुरुजींनी आमचं बोट धरून त्या अक्षरांवरून हवेत फिरवलं होतं, ते मी विसरले नाही. ती शाळा आता बंद आहे. २०११ मध्ये इंग्रजी प्राथमिक शाळांना अनुदान द्यायचं ठरवलं, तेव्हा आम्ही ओरडत होतो की आमच्या शाळा ओस पडतील, कोणी ऐकलं? शेवटी सात मुलं उरली, मग कुलूप. मी पण मुलीला इंग्रजीत घातलं कारण जवळ दुसरी शाळाच राहिली नाही, आणि ह्याची टोचणी मला रोज आहे.

आणि एक सांगते, पुस्तक काढाल तर खरं काढा. १६६७ च्या नोव्हेंबरात महाराजांचं सैन्य बार्देशात आलं, त्यांच्याविरुद्ध गेलेल्या देसायांना, म्हणजे वतनदारांना, पोर्तुगीजांनी आसरा दिला होता म्हणून, त्यात बार्देशातली माणसं भरडली गेली, डिसेंबरात तह झाला. हे पण लिहा. कोलवाळच्या पोरीला तिच्या गावाचं खरं सांगायला मला भीती वाटत नाही, तुम्हाला का वाटते? १६७५ मध्ये महाराजांनी फोंड्याचा किल्ला आदिलशाहीकडून घेतला. पुढे १६८३ मध्ये पोर्तुगीज व्हाइसरॉय त्याच किल्ल्यावर चालून गेला तेव्हा संभाजी महाराजांनी त्याला मागे रेटलं, मग मराठ्यांनी जुन्या गोव्याजवळचं जुवें बेट घेतलं, आणि घाबरलेल्या व्हाइसरॉयने फ्रान्सिस झेवियरची शवपेटी उघडून आपला राजदंड तिथे ठेवला. ज्या गोंयच्या सायबाच्या, म्हणजे ह्याच झेवियरच्या, फेस्ताला ती मैत्रीण दर डिसेंबरला जाते तिथलीच गोष्ट ही, दोघी पोरी तोंड उघडं ठेवून ऐकतात, मी घरी सांगून पाहिलंय.

आपल्याकडे सगळे सर्रास म्हणतात, गोवा ४५१ वर्षं पोर्तुगीजांकडे होता. तिसवाडी तालुक्यापुरतं म्हणा हवं तर, बार्देश आणि साष्टी १५४३ ला गेली. फोंडा त्यांच्या हातात १७६३ ला गेला, पेडणे तर १७८८ ला. फोंड्याच्या पोराने आपल्या गावाची अडीचशे वर्षं फुकट पोर्तुगीजांना देऊन का टाकावी? पण हे सांगायला शिक्षक लागतो, शिक्षकाला वेळ लागतो, आणि शिक्षकाला तर तुम्ही जनगणना, मतदारयादी, कार्यक्रमाला गर्दी ह्यातून मोकळं सोडत नाही. काल पहिल्या चार रांगांत कोण बसले होते? शिक्षकच. पुतळ्याला निधी मिळतो, मिरवणुकीला मिळतो, सगळ्या पक्षांचं हेच, सत्ता कोणाचीही असो, महाराज मतांच्या वेळी आठवतात आणि पोरं टाळ्यांच्या वेळी. माझा नवरा बोटीवर आहे, वर्षातले आठ महिने घर मी एकटी ओढते, तरी पोरीला रोज अर्धा तास काढून इतिहास सांगते. अख्ख्या खात्याला वर्षातून एक दिवस निघत नाही?

मला सत्कार नको, उत्तर हवंय, लेखी. बस कधी, पुस्तक कधी आणि कोण लिहिणार, आणि काल ज्या नऊ मुलांना परत पाठवलं त्यांना कोण भेटणार. शाळा उघडतील तेव्हा जूनमध्ये पाऊस असतो, फेरी कधीकधी बंद, म्हणून हे मार्चच्या आत झालं पाहिजे.

ह्या रविवारी मी तिला आणि तिच्या मैत्रिणीला घेऊन नार्व्याला जातेय, सकाळच्या फेरीने. तीच नऊवारी नेसून ती तिथे दारात उभी राहून म्हणणार आहे, मैत्रीण मोबाईलवर व्हिडिओ काढणार आहे. दोन मिनिटांचा असेल. तो तुम्हाला पाठवते, तेवढा शेवटपर्यंत बघा.

आपली,
बार्देशातली एक आई